नारळ फोडण्याआधी

मुहूर्ताच्या फोटोत निर्माता शोधायला वेळ लागत नाही. क्लॅपला हार घातलेला असतो, कॅमेऱ्याला हळदकुंकू लागलेलं असतं, आणि फुटलेल्या नारळाची वाटी हातात धरून जो सगळ्यांत जास्त हसतोय तो निर्माता. त्या घटकेला त्याला वाटत असतं, आता सिनेमा सुरू झाला. खरं तर त्याच्या वाट्याचं निम्म्याहून जास्त काम नारळाआधीच उरकलेलं असायला हवं. उरकलेलं नसेल तर पुढचे पंचवीस दिवस तो सेटवर खुर्ची टाकून बसेल, दिवसाकाठी काही लाख जाताना बघेल, आणि त्याच्या हातात करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसेल.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा, ही आपल्याकडची पक्की समजूत. जमिनीचा व्यवहार झाला, गुत्तेदारीत चार पैसे सुटले, पोराला हिरो व्हायचंय; काढला सिनेमा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची व्याख्या आहे, ती मात्र वेगळंच सांगते. कलाकृती घडवण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, एवढंच. पैशाचं नाव नाही त्यात. पैसा दुसऱ्याचाही चालतो. जबाबदारी दुसऱ्याची चालत नाही.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हताच. विमा पॉलिसी आधीच गहाण पडलेली. सावकारापुढे जाऊन त्यांनी राजा हरिश्चंद्राची कथा ऐकवली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, तो रोज थोडाथोडा चित्रित केला, आणि अंकुर फुटून वेल वर चढतानाची इवलीशी फिल्म यशवंतराव नाडकर्णी या फोटोग्राफीच्या सामानाच्या व्यापाऱ्याला दाखवली. नाडकर्ण्यांनी कर्ज दिलं. हा माणूस फिल्म काढू शकतो, धुऊ शकतो आणि पडद्यावर दाखवू शकतो, हे तिन्ही त्या वेलानं सिद्ध केलं होतं. मोठा धोका छोट्या खर्चात तपासून घेणं, हे निर्मात्याचं पहिलं कौशल्य, आणि मराठी माणसाला ते शिकायला हॉलिवूडला जायची गरज नाही. दुसरं कौशल्य त्याच घरात होतं. सरस्वतीबाई फाळके दागिने देऊन थांबल्या नाहीत. सगळ्या युनिटचा स्वयंपाक, कपडे धुणं, फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं, हे सगळं त्यांनी केलं. श्रेयनामावलीची पद्धत तेव्हा रुळली असती तर प्रॉडक्शन कंट्रोलर म्हणून त्यांचंच नाव आलं असतं.

एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक प्रश्न एका टप्प्यावर फुकट असतो आणि पुढच्या टप्प्यावर महाग. संहितेत एखादा प्रसंग बदलायला एक संध्याकाळ आणि चार कप चहा लागतो. तोच शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी बदलला तर लोकेशन, तारखा, कपडे सगळं हलतं. एडिटला बसल्यावर कळलं तर बदलता येतच नाही, फक्त झाकता येतं. निर्मात्याचा हिशेब, वाचन, माणसं सांभाळणं हे सगळं एका सवयीपाशी येऊन थांबतं : प्रश्न स्वस्त आहे तोवर विचारून टाकायचा.

उदाहरणादाखल संहितेतली एक ओळ घेऊ. ‘रात्र. गावची जत्रा. पाऊस सुरू होतो.’ लिहायला दहा सेकंद.

आता हिचं ब्रेकडाउन करू. रात्र म्हटलं की जनरेटर आला, बरोबर त्याचा ऑपरेटर आणि डिझेल. जत्रा म्हटलं की पाळणा, दुकानं, माळा, आणि किमान दोन-तीनशे माणसं. कमी माणसांत जत्रा दाखवायची तर फ्रेम घट्ट ठेवावी लागते आणि मग जत्रेचा भास जातो. आता पाऊस. कॅमेऱ्याला पाऊस सहजी दिसत नाही. थेंबांच्या मागून उजेड आला तरच धारा चमकतात. म्हणजे जत्रेच्या मागे उंचावर मोठा लाइट हवा, त्यासाठी मचाण किंवा क्रेन हवी. पाणी गावच्या टाकीतून मिळेल हे गृहीत धरू नका, टँकर सांगावे लागतात. एक टेक दोन मिनिटांचा आणि दहा टेक झाले तर किती टँकर, हे आदल्या दिवशीच पाइप लावून मोजायचं. टँकरचं पाणी गढूळ असेल तर नोझल तुंबतात आणि ऐन टेकमध्ये अर्ध्या फ्रेममध्ये पाऊस, अर्ध्यात उघडीप. जमिनीवरच्या केबल पाण्यात. त्या उचलून बांधलेल्या नसतील आणि गळती धरणारा ब्रेकर बसवलेला नसेल तर गोष्ट जिवावर बेतते. मुख्य कलाकारांचे कपडे तीन-तीन जोड, कारण ओला कुडता वाळवून दुसरा टेक घ्यायचा तर पाऊण तास जातो. कोरडे शॉट आधी, ओले नंतर; हा क्रम एकदा चुकला की मागे येता येत नाही. टॉवेल, गरम चहा, एक डॉक्टर, एक रुग्णवाहिका. रात्री तीनला भिजलेलं युनिट पॅकअप झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा कॉल देता येत नाही, म्हणून अर्धा दिवस आणखी गेला.

एका ओळीनं दोन रात्री आणि अर्धा दिवस खाल्ला. आता दिग्दर्शकाला विचारायचं, पाऊस कशासाठी? उत्तर ‘जत्रा पांगावी आणि ती दोघं एकटी उरावीत’ असं आलं तर सांगता येतं, वीज गेली तरी जत्रा पांगते, आणि अंधार फुकट मिळतो. पण उत्तर असं आलं की पावसानं सिनेमा सुरू होतो, मधे दुष्काळ आहे आणि शेवटी परत पाऊस, तर मग पाऊस ठेवायचा, नीट करायचा, आणि त्याचे पैसे दुसऱ्या तीन प्रसंगांतून काढायचे. खर्च छाटणं कोणालाही जमतं. कुठला खर्च छाटू नये हे ओळखायला संहिता कळावी लागते. ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा चेहरे नवे होते, लोकेशन करमाळ्याच्या परिसरातलं होतं, आणि गाण्यांचं सिंफनी रेकॉर्डिंग मात्र हॉलिवूडच्या स्टुडिओत केलेलं होतं. प्रेक्षकाच्या कानापर्यंत जे पोहोचणार, तिथे हात आखडला नाही.

शेड्यूल हे निर्मात्याचं खरं लेखन. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा अंदाज धरतात, आणि पानाचे आठ भाग पाडून मोजतात. शंभर पानांची संहिता, दिवसाला चार पानं, पंचवीस दिवस. कागदावर हे गोड दिसतं. पण चार पानांचा वाड्यातला संवाद आणि पाऊण पानाची मारामारी यांत मारामारी जास्त वेळ खाते, म्हणून पानं मोजून भागत नाही. शॉट मोजावे लागतात. दिवसाला पंधरा-वीस नीट शॉट झाले तर युनिट चांगलं चाललंय समजायचं.

मराठीत यात आणखी एक गाठ असते, ती तारखांची. आपला चांगला नट एकाच वेळी मालिकेत असतो आणि नाटकातही. शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग, कधी मुंबई, कधी पुणे. मालिकेवाले त्याला सोडतात ते एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, झाल्यावर, आणि तेही तीन-चार दिवसांसाठी. शूटिंग असतं वाईला. दोघांचा कॉम्बिनेशन सीन असला की दोन डायऱ्या जुळवायच्या, आणि तिसऱ्याची बहीण म्हणून जिला घेतलंय तिच्या महाविद्यालयाची परीक्षा त्याच आठवड्यात. म्हणून तोंडी ‘हो दादा, करू या’ वर शेड्यूल बांधू नये. तारखा करारात लिहायच्या, सुरुवातीची आणि शेवटची. पुढे दोन राखीव दिवस मागून ठेवायचे. आणि डबिंगचे दिवस त्याच करारात आत्ताच घालायचे. डबिंगच्या वेळी नटाचा उरलेला हप्ता आणि निर्मात्याची अडचण दोन्ही एकाच टेबलावर येतात, त्यात निर्मात्याचीच बाजू लंगडी असते.

लहान मूल कथेत असेल तर शेड्यूल त्याच्याभोवती बांधावं लागतं. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नियम चांगले आहेत, पण ते शेड्यूल केल्यावर वाचले तर पाच दिवस वाढतात. बैल, कुत्रा, कोंबडी यांचंही तसंच. ग्रामीण कथेत बैलजोडी सहज लिहिली जाते. प्राणी कल्याण मंडळाची शूटिंगआधीची परवानगी आणि नंतरचं ना-हरकत पत्र नसेल तर तोच बैल सेन्सॉरच्या दारात आडवा येतो. मग एडिटमध्ये बैल कापतात आणि गाडी कोण ओढतंय ते प्रेक्षकाला कळत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा असलेल्या माणसानं या धंद्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कादंबरीवरून सिनेमा करायचाय, लेखक हयात नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि वारस म्हणजे फक्त पुण्यात राहणारा मोठा मुलगा नव्हे. अमेरिकेतली मुलगी आणि वारलेल्या धाकट्याची बायकोही. एकीची सही राहिली तर ती सिनेमा चालल्यावरच आठवते. हक्क लेखी घ्यायचे, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहायचा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर ते परत जातात. मराठीत एक संहिता उभी राहायला दोन-तीन वर्षं सहज लागतात, तेव्हा हे वर्षाचं कलम कितीजणांना नडत असेल! गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क २०१२च्या दुरुस्तीनं पक्का केलाय. ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं लिहून घेतलं तरी तो जात नाही. रिमेकचे हक्क, दुसऱ्या भाषेत डबिंगचे हक्क, ओटीटीचे हक्क हे प्रत्येक वेगळं नाव घेऊन लिहायचं. ओटीटीवाल्यांचे वकील पहिल्या मेलमध्ये ही सगळी साखळी मागतात. एक कडी नसेल तर सौदा महिनोन् महिने अडतो, आणि व्याज काही अडत नाही.

व्याजावरून आठवलं. बजेट किती, हा प्रश्न सगळे विचारतात. पैसा कधी, हा फार थोडे. दोन कोटींचा सिनेमा धरा. त्यातला मोठा वाटा शूटिंगच्या पंचवीस दिवसांत जातो, आणि तो रोज संध्याकाळी जातो : बाटा (म्हणजे युनिटचा रोजचा भत्ता), डिझेल, गाड्या, जेवण. भागीदाराचा दुसरा हप्ता ‘पुढच्या आठवड्यात’ येणार आहे या भरवशावर नारळ फोडला आणि बाराव्या दिवशी तो आला नाही, की काय होतं ते अनेक युनिट्सनी पाहिलंय. लाइटमन कामाला हात लावत नाहीत, आणि त्यांचं चूकही नसतं. थांबलेलं शूटिंग पुन्हा सुरू करायचं तर कलाकारांच्या तारखा नव्यानं, मुलाची उंची वाढलेली, शेतातलं पीक कापलेलं. म्हणून शूटिंगचे आणि एडिटपर्यंतचे सगळे पैसे खात्यात आल्याशिवाय मुहूर्त नको, मग ज्योतिषी काहीही म्हणो. खाजगी कर्ज महिना दोन टक्क्यांनं घेतलं तर एका कोटीला महिन्याला दोन लाख. प्रदर्शन आठ महिने लांबलं की सोळा लाख पडद्यावर एक फ्रेमही न दिसता गेले. बजेटात दहा टक्के आकस्मिक खर्चाला ठेवायचे, आणि ते आहेत हे दिग्दर्शकाला सांगायचं नाही. (सांगितलं की ते आकस्मिक राहत नाहीत.)

भागीदारीचा करार हा आणखी एक अवघड जागेचा विषय. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा पाच भागीदार होते : शांताराम दिग्दर्शनाकडे, धायबर कॅमेऱ्याकडे, दामले तांत्रिक बाजूकडे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाकडे आणि सीतारामपंत कुलकर्णी पैशाकडे. एका निर्मात्यात जे सहसा सापडत नाही ते पाच जणांत वाटलेलं होतं, आणि म्हणूनच पहिली दहा-बारा वर्षं झळाळली. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले. इतक्या गुणवान माणसांनाही वाट वेगळी करावी लागते, तर आजच्या तीन मित्रांनी कॉफी पिता पिता ठरवलेल्या ‘तेहतीस-तेहतीस टक्क्यां’चं काय? भागीदार बाहेर पडला तर त्याचा वाटा कसा मोजायचा, जादा पैसे लागले तर कोणी किती घालायचे, अंतिम कट कोणाचा, आणि धनादेशावर सह्या कोणाच्या, या चार गोष्टी मैत्री गोड आहे तेव्हाच लिहाव्यात.

सेटवर निर्मात्याचं काम कमी बोलण्याचं. नटाला अभिनयाबद्दल सूचना फक्त दिग्दर्शक देतो. निर्मात्यानं मॉनिटरमागून ‘जरा अजून रडायला हवं होतं’ म्हटलं की त्या दिवसापासून नट दोन माणसांकडे बघायला लागतो. दिग्दर्शकाला नाही म्हणायचं तर एकट्याला गाठून, आकड्यांत कारण सांगून आणि पर्याय हातात घेऊन. ‘ड्रोन नको’ हे भांडण आहे. ‘ड्रोनच्या दिवसाच्या पैशांत शेवटच्या प्रसंगाला अर्धा दिवस जास्त मिळतो, काय हवं?’ ही चर्चा आहे.

बघायचं असेल तर जेवण बघावं. नव्वद माणसं, नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-नाश्ता, रात्र असेल तर रात्रीचं. माणशी दिवसाला चारशे धरले तर छत्तीस हजार, पंचवीस दिवसांचे नऊ लाख. हा आकडा बघून नव्या निर्मात्याचा हात इथेच पहिल्यांदा आखडतो. मग भात पांचट, भाजी तेलकट, आणि शेवटच्या पंगतीला, म्हणजे ज्यांना लाइट उतरवून शेवटी यावं लागतं त्यांना, डाळच उरत नाही. दुसऱ्या दिवसापासून लाइट बसायला दहा मिनिटं जास्त लागतात. कोणी बोलत नाही. दिवसात पंधरा सेटअप, म्हणजे पंधरा वेळा कॅमेरा-लाइट नव्यानं लावणं, असलं तर दहा-दहा मिनिटांचे अडीच तास होतात. माणशी पन्नास रुपये वाचवून दिवसाला साडेचार हजार वाचले आणि अडीच तास गेले. सरस्वतीबाईंना हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

दिवसाअखेरीची एक गोष्ट निर्मात्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावी : डेटा. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं काम दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरलं पाहिजे, कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ओढून टाकलेल्या फोल्डरनं नव्हे. दोन्ही डिस्क एकाच गाडीतून नेऊ नयेत. एक प्रत एडिटरकडे पोहोचून त्यानं उघडून पाहिल्याचा निरोप येईपर्यंत कार्ड पुसायचं नाही. भाड्याची कार्डं कमी घेतली की हा नियम सहाव्या दिवशी मोडतो. आवाजाच्या माणसाला प्रत्येक लोकेशनवर अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करू द्यायची. तेव्हा सगळे वैतागतात, पण ती खोलीची शांतता नंतर कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही.

सेन्सॉरचाही विचार संहितेच्या टेबलावरच. २०२४च्या नियमांनंतर यू आणि ए यांच्यामधे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. ‘ए’ मिळालेला सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे सॅटेलाइट हक्कांचा आकडा गेला किंवा कापून पुन्हा प्रमाणपत्र आलं. दोन शिव्यांसाठी एवढं मोजायचंय का, हे शिव्या लिहिताना ठरवावं. कदाचित त्या हव्याच असतील. सिगारेट ओढणारं पात्र असेल तर पडद्यावर सूचना आणि सुरुवातीला व मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फीत आलीच. आणि सेन्सॉरला प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी जाऊन धावपळ करण्यापेक्षा दोन-अडीच महिने आधी जावं.

आता तिकीट. दोनशे रुपयांचं तिकीट निघालं की निर्मात्याला वाटतं दोनशे आले. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. तो काढला की उरतात साधारण १६९. त्यातला पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा थिएटरचा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला, त्यातून निघालेला निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५०, मग ४२.५, मग ३७.५, आणि पुढे ३० टक्के असा होता, आणि आजही बोलणी त्याच उतरंडीच्या आसपास होतात. म्हणजे ८५. त्यातून वितरकाचं कमिशन, दहा टक्के धरू. हातात ७६. सरासरी तिकीट दीडशेचं असेल तर हातात ५७.

दोन कोटी निर्मितीला, एक कोटी प्रसिद्धी आणि प्रदर्शनाला. सॅटेलाइट, ओटीटी, संगीत यांतून ऐंशी लाख पक्के धरले तर दोन कोटी वीस लाख थिएटरातून यायला हवेत. भागिले ५७, म्हणजे जवळजवळ तीन लाख पंच्याऐंशी हजार तिकिटं. अडीचशे खुर्च्यांचं थिएटर, तीस टक्के भरलेलं, एका खेळाला पंचाहत्तर माणसं. म्हणजे पाच हजारांहून जास्त खेळ. पहिल्या आठवड्यात रोज तीनशे शो मिळाले तर आठवड्याचे एकवीसशे. दुसऱ्या आठवड्यात शोही कमी आणि वाटाही कमी. हे गणित संहिता हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात करायचं. उत्तर जमत नसेल तर दोनाचे दीड कोटी करा, नाहीतर ही कथा नको. अनुदान यात धरू नये. राज्य शासनाच्या योजनेत ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असं गणित बरीच वर्षं आहे, पण ते परीक्षणानंतर येतं, उशिरा येतं, आणि दर्जा आपण ठरवत नाही. आलं तर कर्ज फेडायला.

वितरणाचा नकाशाही समजून घ्यावा. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं, सिनेमाच्या धंद्याला मात्र ते अजून पुरतं कळलेलं नाही. वितरणाचे विभाग जुन्या प्रांतांच्या नावांनीच चालतात : विदर्भ अजून ‘सीपी बेरार’मध्ये, मराठवाड्याचा मोठा भाग ‘निजाम’मध्ये, आणि बाकीचा ‘बॉम्बे’त, गुजरात-गोव्यासकट. नांदेडला पोस्टर का लागलं नाही याचं उत्तर पुण्याच्या वितरकाकडे नसतं. तालुक्याची जुनी थिएटरं बंद पडत गेली, त्यामुळे जिथे प्रेक्षक आहे तिथे पडदा नाही आणि जिथे पडदा आहे तिथे तिकीट परवडत नाही, असे बरेच तालुके निघतात. ग्रामीण कथेचं बजेट करताना हे आधी बघावं.

प्रसिद्धीचे पैसे निर्मिती सुरू होण्याआधी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्याचं चेकबुक घरी ठेवायचं. डीआय (चित्राच्या रंगांवरचं शेवटचं काम) जरा महाग झालं, पार्श्वसंगीत वाढलं, की डोळा त्या खात्यावरच जातो. तयार होऊन डब्यात पडलेल्या मराठी सिनेमांत अशा रिकाम्या खात्यांचा वाटा मोठा आहे. प्रसिद्धी कशी करावी हेही फाळक्यांकडून घ्यावं. सुरतेत लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक बघायची सवय होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्या खेळाला मोजकीच माणसं आली. फाळक्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी झाली. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात, तेव्हा सत्तावन्न हजारांची लांबी होते साडेतीन हजार फुटांच्या थोडी वर, म्हणजे मैलभरसुद्धा नाही. छायाचित्रांचा आकडा खरा, लांबी तिप्पट. पण तासांच्या हिशेबानं करमणूक मापणाऱ्या गावाला त्यांनी तासाऐवजी मोजायला दुसरं काहीतरी दिलं, हे त्या जाहिरातीतलं मर्म.

तारीख निवडताना दहावी-बारावीच्या परीक्षा, आयपीएल, गणपतीचे दिवस आणि मोठा हिंदी सिनेमा हे बघतातच. आपलाच दुसरा मराठी सिनेमा त्याच शुक्रवारी आहे का, हे बघायचं मात्र राहून जातं. दोघांचाही प्रेक्षक एकच कुटुंब असतं आणि ते महिन्यातून एकदा जातं. किती पडदे मिळाले याच्या बातम्या देण्यापेक्षा कोणत्या वेळेचे खेळ मिळाले ते विचारावं. ठाण्यात सकाळी साडेनऊचा खेळ मिळाला तर आजीआजोबा येतील, नोकरदार जोडपं येणार नाही. मराठी सिनेमांना मल्टिप्लेक्समध्ये चांगल्या वेळा मिळाव्यात म्हणून २०१५ मध्ये शासनाला लक्ष घालावं लागलं होतं. तरी वेळेसाठीची घासाघीस दर आठवड्याला नव्यानं होते.

गुरुवारी रात्री फाइल थिएटरात पोहोचलेली असते, पण ती उघडायची डिजिटल किल्ली प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी असते आणि तिला तारीख-वेळ असते. एखाद्या थिएटरानं मधे सर्व्हर बदललेला असला की किल्ली लागत नाही आणि पहिला खेळ रद्द. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येक पडद्याहून ‘उघडली’ असा निरोप घ्यायला एक माणूस फक्त याच कामाला बसवावा.

मग आकडे यायला लागतात. शुक्रवारचा बघून उड्या मारू नयेत. त्यात नातेवाईक असतात. शनिवार-रविवार वाढतोच. सोमवारचा आकडा शुक्रवारच्या जवळपास राहिला तर लोक एकमेकांना सांगतायत. पुढच्या आठवड्याचे खेळ मंगळवार-बुधवारी ठरतात, आणि ठरवणाऱ्याच्या टेबलावर नव्या तीन सिनेमांचे फोन आधीच येऊन गेलेले असतात. तेव्हा सोमवारी रात्री अकरा वाजता थिएटरवार कागद काढायचा. कोथरूडला संध्याकाळचा भरला, कल्याणला दुपारचा रिकामा, नाशिकला रात्रीचा अर्धा. वितरकाला फोन लावायचा आणि सांगायचं : कल्याणची दुपार सोडून देऊ, कोथरूडला संध्याकाळी साडेसहाच्या जोडीला साडेसातचा मागा, नाशिकची रात्र नऊवर आणता येते का विचारा. मंगळवारी सकाळी दहाच्या आत.